दुसरी वाट कशाला म्हणावे? अंजनवेलच्या खाडीपासून मोबाइलमधल्या नकाशापर्यंत

१/ वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या उत्तर काठावर दाभोळ आहे आणि दक्षिण काठावर अंजनवेल. एका काठावरून दुसऱ्या काठावरची घरे दिसतात. पण ही दोन गावे रस्त्याने जोडायची झाली तर खाडीच्या कडेने आत चिपळूणच्या बाजूला जाऊन पुन्हा समुद्राकडे परतावे लागते. हा वळसा शंभर किलोमीटरच्या घरात जातो. अंजनवेलजवळच्या धोपाव्याहून दाभोळला जाणारी जंगलजेटी धरली, तर तोच प्रवास काही मिनिटांचा होतो. २००३ पासून ही फेरीबोट गाड्यांसकट माणसांना पलीकडे नेते आहे.

२/ मोबाइलवरच्या नकाशात आपण एखादे ठिकाण शोधतो तेव्हा एक ठळक रेषा उमटते आणि तिच्या बाजूला एक-दोन फिक्या रेषा. त्या फिक्या रेषा म्हणजे ‘पर्यायी मार्ग’. त्या कोण ठरवते? सर्वांत जवळचा रस्ता शोधणे हे गणित कळण्यासारखे आहे. पण ‘दुसरा चांगला रस्ता’ म्हणजे नेमके काय? मित्रहो, या धाग्यात त्या प्रश्नाचा इतिहास पाहू. संगणकशास्त्राने त्याला उत्तर दिले ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत. कोकणातल्या व्यापाऱ्यांना, राज्यकर्त्यांना आणि पायी चालणाऱ्यांना मात्र तो कित्येक शतके रोज सोडवावा लागत होता.

३/ आधी दाभोळ. बहमनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. पुढे बहमनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान १४५३ मध्ये इराणहून आला तो याच बंदरात उतरला. १४७० च्या आसपास हिंदुस्थानात फिरलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन याची नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तो आला चौलच्या बंदरातून. तिथून घाट चढून जुन्नरला गेला, पावसाळा त्याने तिथे काढला आणि पुढे बीदर गाठले. परतताना मात्र तो चौलला गेला नाही. त्याने दाभोळहून होर्मुझकडे जाणारे जहाज धरले.

४/ निकितिनच्या प्रवासातून त्या काळच्या दळणवळणाचा आराखडा दिसतो. समुद्र आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत, भिंतीच्या पायथ्याशी खाड्या, खाड्यांच्या मुखांशी बंदरे. चौल, दाभोळ, राजापूर अशी बंदरे अनेक होती आणि त्यांच्यामागचे घाटही अनेक होते. दाभोळचा माल गलबतांतून आणि पडावांतून भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत आत जाई, चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरात उतरे, आणि तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाटाने कऱ्हाडच्या दिशेने वर चढे. एक घाट अडला तर दुसरा होता, एक बंदर महागले तर शेजारचे होते.

५/ १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा याने दाभोळवर हल्ला करून शहर जाळले. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला. पोर्तुगिजांनी जहाजांवर ‘कार्ताझ’ म्हणजे परवान्याची सक्तीही केली. परवाना नसलेले जहाज पकडले जाई. दाभोळचे भौगोलिक स्थान होते तेच राहिले, खाडीची खोली एका दिवसात बदलली नाही, घाट जागचा हलला नाही. बदलली ती त्या वाटेची किंमत. पुढच्या काळात व्यापार हळूहळू दुसऱ्या बंदरांकडे वळत गेला. किंमत बदलली की वाट बदलते, हा धडा पुढे अल्गोरिदम समजून घेताना उपयोगी पडेल.

६/ आता दक्षिण काठ. अंजनवेलचा किल्ला खाडीच्या तोंडावर पहारा करतो. त्याच्या जमिनीकडच्या अंगाला खोदलेला खंदक आजही दिसतो. विजापूरकरांकडून हा प्रदेश शिवाजी महाराजांकडे आला, १६९९ मध्ये किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला, आणि १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी तो जिंकून त्याला गोपाळगड हे नाव दिले. तुळाजींच्या पाडावानंतर तो पेशव्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. पेशवाईत अंजनवेल हे कोकणातल्या एका महत्त्वाच्या तालुक्याचे नाव होते. एवढ्या सत्ता एका लहानशा टेकाडासाठी का झगडल्या? कारण ज्याच्या हाती खाडीचे तोंड, तो चिपळूणकडे जाणारी जलवाट उघडी ठेवू शकतो किंवा बंद करू शकतो.

७/ वाटेची किंमत जाणूनबुजून बदलण्याचे एक विलक्षण उदाहरण १६७१ मधले आहे. कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना शिवाजी महाराजांनी मिठाच्या जकातीविषयी पत्र पाठवले. प्रश्न असा होता की पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त मिळत होते, त्यामुळे व्यापारी आणि लदणीचे बैल हाकणारे लोक तिकडे वळण्याची भीती होती. तसे झाले असते तर संगमेश्वरकडचे स्वराज्यातले मीठ पडून राहिले असते आणि बंदरेही ओस पडली असती. उपाय सांगितला गेला तो जबर जकातीचा. बारदेशचे मीठ घाटावर पोचेपर्यंत संगमेश्वरच्या मिठापेक्षा स्वस्त राहू नये, असा तिचा हिशोब होता.

८/ या पत्राकडे आपण बहुधा आर्थिक धोरणाचा नमुना म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात मार्गनिवडीचे शास्त्रही आहे. बैल हाकणाऱ्याला कोणी हुकूम दिला नाही की अमुक घाटानेच चढ. त्याच्यासमोर दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आणि एका वाटेचे वजन वाढवले. उरलेला निर्णय त्याने स्वतःच्या फायद्याचा विचार करून घेतला. आजचे नकाशाचे ॲप टोलनाका, वाहतूककोंडी आणि चढ-उतार यांना आकड्यांत बसवते तेव्हा तत्त्व हेच असते. अंतर हा अनेक खर्चांपैकी केवळ एक खर्च आहे.

९/ मार्ग कागदावर कधी आले? मराठी दप्तरांत मुक्काम, मजला आणि जकातींच्या नोंदी सापडतात, पण वाट दाखवणारे खरे ग्रंथालय म्हणजे वाटाड्या, जासूद आणि तांडेवाले. इंग्रजांना हे ज्ञान कागदावर हवे होते, कारण त्यांना अनोळखी मुलुखातून फौज न्यायची होती. कॅप्टन जॉन क्लून्स यांनी पश्चिम भारतातल्या मार्गांचे पुस्तक १८२६ मध्ये छापले. थॉमस बेस्ट जर्व्हिस यांनी त्याच दशकात दक्षिण कोकणाची मोजणी केली. ठिकाणांची नावे आणि त्यांच्यामधली अंतरे एकदा कोष्टकात आली, की ते कोष्टक यंत्राला समजेल अशा रूपाच्या फार जवळ पोचते.

१०/ आता आपण थेट १९५६ मध्ये जाऊ. ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ‘आरमॅक’ नावाचा नवा संगणक तयार झाला होता. तो लोकांना दाखवताना सर्वांना कळेल असे एखादे उदाहरण हवे होते. एड्स्खर डाइक्स्ट्रा या तरुण प्रोग्रामरने नेदरलँड्समधली ६४ शहरे घेतली आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची पद्धत बसवली. त्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे ही पद्धत त्यांना एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेताना वीसएक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय सुचली. १९५९ मध्ये ती जेमतेम तीन पानांच्या लेखात प्रसिद्ध झाली.

११/ डाइक्स्ट्रांची पद्धत समजायला खाडीतली भरती डोळ्यांसमोर आणा. अंजनवेलपासून सर्व वाटांनी एकाच वेगाने पाणी पसरू लागले असे समजा. जे गाव सर्वांत जवळ तिथे पाणी आधी पोचेल. पोचल्याबरोबर त्या गावासमोर वेळ लिहून ठेवायची आणि ती पक्की समजायची, कारण त्याहून लवकर येणारे पाणी आता असूच शकत नाही. मग तिथून पुढे. गुहागर, शृंगारतळी, मग चिपळूण, मग कुंभार्लीचा पायथा. शेवटी पाणी पुण्याला पोचते तेव्हा ते कोणत्या वाटेने आले हे मागे मागे जात शोधले, की सर्वांत कमी खर्चाचा मार्ग हाती येतो. अट एकच, कोणत्याही वाटेचा खर्च शून्याहून कमी नसावा.

१२/ या पद्धतीत वेळ वाया जातो, कारण पुण्याला जायचे असतानाही पाणी गोव्याच्या दिशेनेही पसरत राहते. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी ‘ए-स्टार’ ही सुधारणा मांडली. प्रत्येक ठिकाणापासून मुक्कामाचे सरळ रेषेतले अंतर अंदाज म्हणून वापरायचे आणि मुक्कामाच्या दिशेने झुकलेल्या वाटा आधी तपासायच्या. सपाट मुलुखात हे उत्तम चालते. अंजनवेलहून दाभोळ शोधताना मात्र सरळ रेषा खाडीवरून जाते आणि रस्ता उलट दिशेने चिपळूणकडे. उत्तर तरीही अचूकच येते, पण अल्गोरिदमला काठावर बराच वेळ चाचपडावे लागते. कोकणात सरळ अंतरावर विसंबता येत नाही, हे इथला माणूस लहानपणीच शिकतो.

१३/ नावांचा गोंधळ वेगळाच. १९९० च्या दशकात देशभर गाजलेला ‘दाभोळ वीज प्रकल्प’ प्रत्यक्षात दाभोळमध्ये नाही. तो खाडीच्या दक्षिणेला अंजनवेल, वेलदूर, रानवी या परिसरात आहे. केवळ नावावर विसंबून दाभोळ गाठणारा माणूस समोरच्या काठावर उभा राहून प्रकल्पाकडे पाहत बसेल. स्थानाधारित सेवेचे पहिले काम मार्ग शोधणे हे नसते. ‘कुठे’ या शब्दाचा अर्थ लावणे हे असते.

१४/ आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिला मार्ग मिळाला, दुसरा कसा शोधायचा? जिन येन यांनी १९७१ मध्ये पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमाने सर्वांत जवळचे मार्ग काढण्याची पद्धत दिली. गणित म्हणून ती निर्दोष आहे. पण तिने दिलेला ‘दुसरा’ मार्ग पाहिला तर हसू येते. अंजनवेल ते पुणे या मार्गाचा दुसरा क्रमांक बहुधा असा निघेल की सगळा रस्ता तोच, फक्त चिपळूणच्या बाजारात एक गल्ली सोडून पुढच्या गल्लीने जायचे. अंतरात पन्नास मीटरचा फरक. आकड्यांच्या दृष्टीने तो दुसरा मार्ग आहे; प्रवाशाच्या दृष्टीने तो पहिलाच आहे.

१५/ म्हणून दोन वेगळ्या युक्त्या पुढे आल्या. पहिली दंडाची. पहिला मार्ग सापडला की त्याच्यावरच्या सर्व रस्त्यांचे वजन कृत्रिमपणे वाढवायचे आणि पुन्हा शोध घ्यायचा. आता अल्गोरिदम आपोआप दुसरीकडे वळतो. १६७१ मधली जकात आठवते ना? दुसरी युक्ती पठाराची. आरंभापासून पुढे आणि मुक्कामापासून मागे, असे दोन्हीकडून जवळच्या मार्गांचे जाळे पसरायचे. दोन्ही जाळी ज्या सलग लांब पट्ट्यावर एकमेकांवर बसतात त्या पट्ट्याला ‘पठार’ म्हणतात. जितके पठार लांब, तितका त्यावरून जाणारा पर्याय चांगला.

१६/ २०१० मध्ये इत्ताय अब्राहम, डॅनियल डेलिंग, अँड्र्यू गोल्डबर्ग आणि रेनाटो वेर्नेक या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘चांगला पर्याय’ या शब्दाला तीन कसोट्या लावल्या. पहिली, पर्यायाचा फार मोठा भाग मूळ मार्गाशी सामायिक नसावा. त्यांनी मर्यादा ८० टक्के धरली. दुसरी, पर्यायाचा कोणताही लहान तुकडा स्वतंत्रपणे पाहिला तरी तो त्या दोन ठिकाणांमधला जवळचाच रस्ता असावा, म्हणजे मधेच निरर्थक वळसा नको. तिसरी, पर्यायाचा कोणताही भाग त्या-त्या दोन टोकांमधल्या सर्वांत जवळच्या रस्त्यापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक लांब नसावा.

१७/ या कसोट्या समंजस आहेत. प्रवाशाच्या मनातली ‘दुसरी वाट’ त्यांनी बरीचशी अचूक पकडली. आता त्या अंजनवेलला लावून पाहू. पुण्याला जायचे आहे. एक मार्ग गुहागर, चिपळूण, कुंभार्ली, कऱ्हाड. दुसरा चिपळूणपर्यंत तोच, मग महामार्गाने महाड आणि वरंध घाट. तिसरा मात्र धोपाव्याची जंगलजेटी, दाभोळ, दापोली, मंडणगड, माणगाव, ताम्हिणी. पहिल्या दोन मार्गांचा आरंभ एकच आहे. तिसऱ्याचा त्यांच्याशी जवळजवळ काहीच संबंध येत नाही. पण त्यासाठी नकाशाला एक गोष्ट मान्य असावी लागते, ती म्हणजे पाण्यावरची रेघ हीसुद्धा वाटच आहे. तिला वेळापत्रक असते, शेवटची फेरी असते आणि खवळलेल्या समुद्राचा दिवसही असतो.

१८/ ऋतू बदलला की नकाशा बदलतो, याचे कोकणातले सर्वांत परिचित उदाहरण १८७५ मधले आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांना सरकारी परीक्षेला बसायचे होते. पावसाळ्यात मुंबईची जलवाट बंद. मग दुसरे केंद्र साताऱ्याचे. तिथे पोचायला शंभरांहून अधिक मैलांची पायपीट, कोसळता पाऊस आणि मधे सह्याद्री. कर्वे आणि त्यांचे सोबती कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला वेळेवर पोचले. तिथे परीक्षेच्या अधिकाऱ्यांना ते सतरा वर्षांचे वाटले नाहीत आणि त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे हेच कर्वे महर्षी झाले आणि त्यांनी स्त्रीशिक्षणाचे विद्यापीठ उभारले.

१९/ या कथेतला अपमान आपण शाळेत वाचतो. मार्गनिवडीकडे क्वचित लक्ष जाते. त्या मुलांचा मुक्काम ‘सातारा’ हा नव्हता, ‘परीक्षा’ हा होता. मुंबईची वाट बंद झाली तेव्हा त्यांनी वाटेबरोबर मुक्कामही बदलला. आजचे ॲप ‘अमुक ठिकाणी कसे जावे’ एवढेच विचारते. ‘माझे काम कुठे कुठे होऊ शकते आणि त्यांपैकी आज कुठे पोचता येईल’ हा प्रश्न माणूस स्वतःशी विचारतो. नाही म्हणायला ‘जवळचे रुग्णालय’, ‘जवळचा पेट्रोल पंप’ असे आपण शोधतो तेव्हा स्थानाधारित सेवा याच प्रश्नाच्या दारात उभी असते.

२०/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकात बराच काळ कोकणी माणसाची मुख्य वाट आगबोटीची होती. मुंबईहून निघालेली बोट किनाऱ्याने बंदरे घेत दक्षिणेला जाई. दाभोळ हे त्यांपैकी एक. पावसाळ्यात ती थांबे. पुढे रस्ते सुधारले, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. प्रवास जलद झाला, पावसाळ्यातही शक्य झाला. हे मोठे यश आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. जी वाहतूक पूर्वी अनेक बंदरांत आणि अनेक घाटांत विभागलेली होती, ती एका महामार्गावर आणि एका रुळावर एकवटली.

२१/ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. त्यांतली एक बस जयगडहून मुंबईला निघाली होती, म्हणजे अंजनवेलच्या दक्षिणेच्या पुढच्याच खाडीवरून. पूल पडल्यानंतरही अंधारात वाहने येतच होती, कारण रस्ता तुटल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या हे लक्षात आले आणि त्याने पुढची वाहतूक थांबवायला मदत केली. नकाशातली रेषा त्या क्षणी अखंडच होती. दुवा तुटल्याची बातमी जाळ्यापर्यंत आली ती माणसाच्या डोळ्यांतून.

२२/ २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुराखाली गेले. महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. चिपळूणजवळ रेल्वेच्या पुलापाशी पाण्याने धोक्याची पातळी ओलांडल्याने कोकण रेल्वे थांबली. त्याच पावसात रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावरच्या आंबा घाटात रस्ता खचला. म्हणजे एरवी एकमेकांना पर्याय मानले जाणारे रस्ता आणि रेल्वे हे दोन मार्ग एकाच नदीमुळे एकाच दिवशी बंद पडले, आणि दक्षिणेचा घाटही भरवशाचा राहिला नाही. दळणवळणाच्या जाळ्यांचे अभियंते याला सामायिक जोखीम म्हणतात. वरून वेगळ्या दिसणाऱ्या दोन वाटा आतून एकाच आधारावर उभ्या असतात.

२३/ आता २०१० च्या त्या पहिल्या कसोटीकडे पुन्हा पाहा. पर्यायाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग मूळ मार्गाशी सामायिक चालतो. हे मोजमाप लांबीचे आहे. पूल शंभर-दोनशे मीटरचा. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात त्याचा वाटा एक टक्काही भरत नाही. म्हणजे दोन मार्ग फक्त एका पुलावर एकत्र येत असतील तर अल्गोरिदम त्यांना उत्तम पर्याय ठरवेल. आणि तोच पूल पडला तर दोन्ही मार्ग एकदम संपतील. कोंडीतून सुटका हवी असलेल्या प्रवाशासाठी ही कसोटी पुरेशी आहे. रुग्णवाहिकेसाठी, पुरात अडकलेल्या गावाकडे निघालेल्या मदतीसाठी ती अपुरी आहे.

२४/ गणिताकडे याचेही उत्तर आहे, तेही जुनेच. कार्ल मेंगर यांनी १९२७ मध्ये सिद्ध केलेले प्रमेय सांगते की थेट न जोडलेल्या दोन ठिकाणांमध्ये, मधले एकही ठिकाण सामायिक नसलेले जास्तीत जास्त जितके मार्ग असतात, तितकीच ठिकाणे त्यांचा संपर्क तोडण्यासाठी कमीत कमी काढावी लागतात. आणि १९७४ मध्ये सुरबाल यांनी परस्परांपासून पूर्णपणे अलग अशा दोन मार्गांची सर्वांत स्वस्त जोडी शोधण्याची पद्धत दिली. ती मुख्यतः टेलिफोन आणि संगणकांच्या जाळ्यांत वापरली गेली. संदेश हरवू नये म्हणून तारांसाठी जो विचार झाला, तो पावसाळ्यातल्या माणसांसाठीही व्हायला हरकत नसावी.

२५/ मेंगर यांचे प्रमेय गुहागर तालुक्याला लावून पाहा. उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला शास्त्री नदीची जयगड खाडी, पश्चिमेला समुद्र. जमिनीने बाहेर पडायचे तर पूर्वेकडे, नाहीतर शास्त्रीवरच्या भातगाव पुलाने. उरलेले दोन दरवाजे पाण्याचे आहेत, उत्तरेला धोपावे-दाभोळ आणि दक्षिणेला तवसाळ-जयगड. या दोन फेऱ्यांकडे पर्यटकांची गंमत म्हणून पाहणे सोपे आहे. हिशोबाने पाहिले तर त्या तालुक्याच्या स्वतंत्र वाटांची संख्या वाढवतात. पूर आला तर वाहत्या खाडीत बोट चालणार नाही, हे खरे. पण पूर ओसरतो, पूल मात्र महिनोन्‌महिने उभा राहत नाही. सावित्रीचा नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला, म्हणजे दहा महिन्यांनी.

२६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट दिसते. अल्गोरिदम फक्त नोंदलेल्या वाटांतूनच निवड करतो. जी वाट नकाशात नाही ती त्याच्या लेखी जगात नाही. आणि नकाशात तीच वाट टिकते जिच्यावरून कोणीतरी चालत असते. वाटा पूर्वी आपोआप टिकत नव्हत्या. घाटात चौकी असे, जकातीच्या बदल्यात वाटेची राखण असे, पाण्याचे टाके आणि उतरण्याची धर्मशाळा असे. तांडे थांबले, जकात संपली, तशी राखणही संपली. कित्येक घाटवाटा आज केवळ गिर्यारोहकांच्या आणि पायथ्याच्या वृद्धांच्या आठवणीत आहेत. त्या मोटारीच्या उपयोगाच्या नाहीत, पण माणसाच्या पायांना अजूनही त्या पुरतात.

२७/ मुक्त नकाशांवर आज कोणीही फेरीबोटीचा मार्ग, तिची वेळ, पायवाट किंवा पावसाळ्यात बंद होणारा घाट नोंदवू शकतो. या धाग्याच्या वाचकांपैकी अनेकांचे गाव कोणत्या ना कोणत्या खाडीच्या किंवा घाटाच्या कुशीत असेल. यंदा गावी गेलात तर आजी-आजोबांना दोन प्रश्न विचारून पाहा. तुमच्या लहानपणी बाजाराला, दवाखान्यात, पलीकडच्या गावी कोणत्या वाटेने जात होता? आणि पावसाळ्यात ती वाट बंद झाली की कोणती धरत होता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष काळजीने लिहून घ्या. ते बहुधा कोणत्याही गॅझेटियरात सापडणार नाही.

२८/ तुमच्या भागातली अशी एखादी जुनी दुसरी वाट, तर, होडी किंवा घाट ठाऊक असेल तर खाली गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह जरूर लिहा. पुढच्या धाग्यात आपण कुंभार्लीच्या शेजारच्या, आता जवळजवळ मोडलेल्या घाटवाटांची माहिती घेऊ.